बीप नाही, म्हणजे अडचण नाही

४ फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळी ७.

ऑइल कंपनीने दिलेली डायरी महिनाभर कपाटात पडून होती. आज उघडली. कॉम्प्युटर शिकायचं ठरवलंय, गाडीला लावतात तो. रोज काय शिकलो ते इथे लिहायचं. कोणाला दाखवायचं नाही.

झालं काय, दुपारी जेवण झाल्यावर धाकटा भाऊ समोर येऊन बसला. गॅरेज आम्हा दोघांचं. तो काउंटर आणि गिऱ्हाइकं सांभाळून उरलेल्या वेळात गाड्या बघतो. मी फक्त गाड्या. एकतीस वर्षं हे असंच. म्हणाला, दादा, मार्चपासून तू काउंटरवर बस. फोन घ्यायचे, गिऱ्हाइकाची तक्रार ऐकून लिहून घ्यायची, एवढंच. मी विचारलं, का म्हणून? म्हणाला, तुझे गुडघे. माझ्या गुडघ्यांना काय धाड भरलीय? त्याच्या डोक्यापेक्षा बरे चालतात.

खरं कारण मला ठाऊक आहे. माझं नाव त्याच्या डोळ्यांत खुपतं. सगळ्या भागात मला कानवाले म्हणतात. गाडी फाटकातून आत येईस्तोवर मी सांगायचो, तिसरा सिलिंडर रुसलाय. लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवायचा, मूठ कानामागच्या हाडाला, डोळे मिटायचे, की निदान तयार. असल्या माणसाला फोनवर बसवणार.

फोन मी घेत नाही. हात ऑइलने बरबटलेले असतात. सगळ्यांना सांगून ठेवलंय, मेसेज टाका.

शेवटी तडजोड झाली. फेब्रुवारी संपायच्या आत मी कॉम्प्युटर शिकायचा आणि एक गाडी पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याच्यावर दुरुस्त करून दाखवायची. जमलं तर पिटावरची, गाडीखालच्या खड्ड्यावरची जागा माझी. नाही जमलं तर काउंटर. हातात चोवीस दिवस आहेत. मला चार पुरतील.

५ फेब्रुवारी. सकाळी ११.

धाकट्याने लॅपटॉप आणि केबल काढून दिली. वर्षभर तोच वापरतो, मी हात लावला नव्हता. कसं वापरायचं ते त्याने अर्धा तास समजावलं. कॉम्प्रेसर चालू होता. मी मान डोलवत राहिलो. धाकटा तोंडातल्या तोंडात पुटपुटतो, लहानपणापासूनची खोड. हल्ली सगळ्यांनीच ही खोड लावून घेतलीय, बायकोसकट. असो. लॅपटॉपबरोबर छापील पुस्तिका आहे. ती तरी पुटपुटत नाही.

दुपारी ४.

पहिला प्रयोग स्वतःच्या गाडीवर. केबलचं टोक स्टीअरिंगखालच्या सॉकेटात घालायचं असतं. सॉकेट सापडेना. टॉर्च तोंडात धरून पाऊण तास डॅशबोर्डखाली उताणा पडलो. मान आखडली. फ्यूजबॉक्सचं झाकण तुटलं. मग पुस्तिकेत वाचलं की जुन्या गाड्यांना हे सॉकेट नसतंच. माझी गाडी चांगलीच जुनी आहे.

म्हणजे चूक माझी नव्हती. सुरुवात वाईट नाही.

६ फेब्रुवारी. संध्याकाळी ६.

आज धाकट्याची गाडी घेतली, त्याला न विचारता. केबल बसली. पडद्यावर गाडीचं नाव आलं, खाली यादी. अकरा दोष. प्रत्येकाला एक अक्षर, चार आकडे. अकरा दोष घेऊन हा माणूस रोज गावभर फिरतो आणि मला गुडघ्यांचं सांगतो.

यादीखाली बटण होतं, सर्व दोष पुसा. दाबलं. पडदा स्वच्छ. अकरा दोष चार सेकंदांत काढले. एकतीस वर्षांत असं काम झालं नव्हतं. हे यंत्र कोणी आधी का दिलं नाही मला?

७ फेब्रुवारी.

धाकटा सकाळभर बोलला नाही. दुपारी बोलला, तेव्हा वाटलं, न बोललेलंच बरं होतं. त्याची गाडी महिनाभर सिग्नलला मधूनच बंद पडते. दोष किती वेळा आला, इंजिन किती गरम असताना आला, हे सगळं त्या यादीत साठलेलं होतं. त्यावरून तो चोर पकडणार होता. मी चोराच्या पावलांचे ठसे झाडूने साफ केले.

म्हणतो, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की लिहून घेतल्याशिवाय पुसू नकोस. मला असलं काही सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर ऐकलं असतं.

निश्चय: पुसण्याआधी लिहून घेणे.

८ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ३.

लेक आली होती. आल्या आल्या टीव्हीचा आवाज कमी केला. म्हणे कोपऱ्यावर वळल्यापासून बातम्या ऐकू येत होत्या. मग जेवताना पोरकट खेळ सुरू केला. माझ्या पाठीमागे जाऊन काहीतरी म्हणायची आणि पुढे येऊन विचारायची, बाबा, मी काय म्हटलं? मी सांगितलं, असल्या खेळांचं माझं वय राहिलेलं नाही. दोघी मायलेकी एकमेकींकडे बघत राहिल्या. लेक म्हणाली, कान एकदा दाखवून घेऊ.

माझे कान? कानवाल्याचे?

ती गेल्यावर गॅरेजवर जाऊन आलो. धाकट्याच्या गाडीला स्क्रूड्रायव्हर लावला. इंजिनाचे ठोके स्वच्छ, दणदणीत. विषय संपला.

९ फेब्रुवारी. संध्याकाळी ६.

गाडी मिळाली. कोपऱ्यावरच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई आल्या. बारा वर्षांचं गिऱ्हाईक. तक्रार: ब्रेक दाबला की बारीक किंचाळल्यासारखा आवाज येतो.

त्यांना शेजारी बसवून चक्कर मारली. तीन किलोमीटर. वीसेक वेळा ब्रेक मारला. दर वेळी बाई हात वर करायच्या, आत्ता, हा बघा, आत्ता. मी काच खाली केली, वर केली, डोळे मिटले. (डोळे मिटल्यावर बाईंनी स्टीअरिंग धरलं.) आवाज नाही. कसलाच नाही. गाडी गुळगुळीत चालतेय. बाईंना रोज आठशे पोरांचा कलकलाट ऐकावा लागतो, डोक्यात काहीतरी वाजत राहणारच. तोंडावर म्हटलं नाही. म्हटलं, मिस्त्री सांगतो म्हणून विश्वास ठेवू नका, कॉम्प्युटर लावून बघू.

कॉम्प्युटर लावला. चार गंभीर दोष निघाले. चारही ग्लो प्लग प्रतिसाद देत नाहीत. इंजिन थंड असताना तापवणारे हे प्लग. बाईंना सविस्तर समजावलं. त्यांनी वहीत उतरवून घेतलं. उद्या प्लग आणायचे.

१० फेब्रुवारी.

गाडी पेट्रोलची आहे.

ग्लो प्लग डिझेलच्या गाडीत असतात. हे मला सतरा वर्षांचा असल्यापासून माहीत आहे. यादीतून मॉडेल निवडताना बोट एक ओळ खाली पडलं. कॉम्प्युटरने जे नाही ते शोधलं आणि सापडलं नाही म्हणून सांगितलं. त्याचं बरोबर होतं. माझंही एका अर्थाने बरोबरच होतं. पार्टवाल्याने चार प्लग हातात ठेवताना गाडी कुठली ते विचारलं आणि मग दुकानातल्या सगळ्यांना बोलावून परत विचारलं.

११ फेब्रुवारी. दुपारी १.

बाईंची गाडी पुन्हा लावली. मॉडेल तीनदा तपासून. इंजिन: दोष शून्य. ब्रेकचा भाग: दोष शून्य. एअरबॅग: दोष शून्य.

कॉम्प्युटरचं आणि माझं एकमत आहे. बाईंना मेसेज टाकला, आवाज नाही, निर्धास्त चालवा.

१३ फेब्रुवारी. संध्याकाळी ५.

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा. लाँड्रीची व्हॅन आली, चढावर ओढत नाही म्हणून. केबल लावली, इंजिन चालू केलं, पडद्यावर चार रेघा उमटल्या, एकेका सिलिंडरची एक. तीन सरळ चालल्या होत्या. दुसऱ्या नंबरची मध्येच दचकायची. मी बघतच राहिलो. पूर्वी हे मला कानांनी कळायचं, असंच, एक ठोका चुकायचा आणि अंगावर काटा यायचा. हल्लीची इंजिनंच मुकी असतात. पण इथे दिसलं. दुसऱ्याला ठिणगी देणारी कॉइल बदलली, रेघ सरळ.

डोळ्यांत पाणी आलं. फडक्याने पुसलं तर ऑइल लागलं.

धाकटा म्हणाला, छान. हे तो मोठ्याने आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाला, त्यामुळे पक्कं कळलं. पण ही गाडी धरायची नाही म्हणाला. व्हॅनचा रोग त्याने आधीच ओळखला होता. एक अवघड काम मी एकट्याने करायचं आहे.

या यंत्राचं मला काय आवडतं, ते लिहून ठेवतो. सगळं लिहून येतं. कोणी पुटपुटत नाही. हे जमलं तर मी मरेपर्यंत पिटावर राहू शकतो. जमलंच पाहिजे.

१६ फेब्रुवारी.

धाकटा बँकेत गेला होता. मनात म्हटलं, या काउंटरचा एवढा काय बाऊ करायचा, एकदा बसून बघू. फोन हलल्यासारखा दिसला, उचलला. पलीकडून कोणीतरी बराच वेळ बोललं. लांबून, रजईत तोंड घातल्यासारखं. मी हो म्हटलं. ते आणखी बोललं. मी म्हटलं, हो हो, काही काळजी करू नका.

कशाला हो म्हटलं, ते कळायला मार्ग नाही. फोन ठेवला. चहा मागवला.

१७ फेब्रुवारी. सकाळी १०.

फाटकात एक मिनीबस उभी आहे. चालक म्हणतो, काल तुम्हीच हो म्हणालात. आमच्या फाटकातून मिनीबस आत येत नाही. आम्ही मिनीबसचं काम करतही नाही. धाकट्याने माझ्याकडे बघितलं. मी बाईंच्या गाडीखाली जाऊन बसावं म्हटलं तर बाईंची गाडी आलेली नव्हती. पार्टच्या खोलीत जाऊन बसलो.

दुपारी ४.

बाई आल्या. म्हणाल्या, मिस्त्री, आवाज वाढलाय. आता रस्त्यावरची माणसं वळून बघतात. मी पुन्हा चक्कर मारली. माणसं वळून बघत होती हे खरं. माणसं कशालाही वळून बघतात. आवाज नाही.

कॉम्प्युटर लावला. दोष शून्य. बाईंना पडदा फिरवून दाखवला. त्या पडद्याकडे बघत राहिल्या. बारा वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. म्हणाल्या, चाक काढून बघता का एकदा? मी म्हटलं, बाई, ते जुन्या काळचं झालं.

२० फेब्रुवारी.

आठ दिवस उरले. दुसरी गाडी मिळाली नाही. धाकटा अवघड कामं स्वतःकडे ठेवतो, सोपी मोजत नाही. बायको म्हणते, काउंटरवर बसायला काय हरकत आहे, सावली आहे, पंखा आहे. हे ती तीनदा म्हणाली. पहिल्या दोन वेळा मी टीव्ही बघत होतो.

काय हरकत आहे ते तिला कसं सांगू? पिटावर माणूस गाडीशी बोलतो. काउंटरवर माणसांशी बोलावं लागतं. दिवसभर. आणि ती सगळी पुटपुटतात.

झोप लागत नाही. मार्च अंगावर येतोय.

२१ फेब्रुवारी. दुपारी २.

मार्ग सापडला! पुस्तिकेचं शेवटचं प्रकरण: गाडीच्या मेंदूचं सॉफ्टवेअर. गाडीत एक डबा असतो, सगळे हुकूम तो सोडतो. त्यातलं सॉफ्टवेअर जुनं झालं तर इंटरनेटवरून नवं भरता येतं. बाईंच्या गाडीचं बघितलं. चार वर्षं जुनं आहे.

म्हणजे सगळी भानगड तिथे आहे. ब्रेकला हुकूम उशिरा पोचत असणार, म्हणून बाईंना काहीतरी वाटतं. नवं भरलं की बाई खूश, धाकटा गप्प. यापेक्षा अवघड काम गॅरेजमध्ये अजून कोणी केलेलं नाही. धाकट्यानेसुद्धा नाही.

त्याला नुसतं सांगितलं, मंगळवारी बाईंच्या गाडीत नवं सॉफ्टवेअर भरतो. तो गाडीच्या खालून काहीतरी बोलला. मी म्हटलं, हो.

२४ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी १०.४०.

गाडी आली. बाई शाळेत चालत गेल्या. धाकटा पार्ट आणायला बाहेर, हाताखालची पोरं रजेवर. बरंच झालं, मध्ये लुडबूड नको.

लॅपटॉप सीटवर ठेवला. केबल लावली. मॉडेल चारदा तपासलं. बटण दाबलं. लागणारा वेळ पन्नास मिनिटं. इशारा: मध्येच बंद करू नये. कोण करतंय?

१०.५५.

१९ टक्के. गाडीत उकडतंय. फाटकाशी पत्र्याच्या सावलीत स्टूल घेऊन बसलो, चहा मागवला. पुस्तिकेत लिहिलंय, अडचण आल्यास लॅपटॉप बीप देतो. फार छान सोय. बीप नाही, म्हणजे अडचण नाही. समोर बसून राहायची गरज नाही.

११.१०.

शांत आहे. असं शांत वाटून किती दिवस झाले. उन्हात बसून डायरी लिहितोय. मार्चमध्ये पिटाला नवा रंग देईन म्हणतो.

११.१५.

शेजारचा टायरवाला दुकानातून हात हलवतोय. मीही हलवला. चांगला माणूस आहे.

११.१८.

टायरवाला अजून हात हलवतोय, दोन्ही. आज फार खुशीत आहे.

११.२०.

पळत येतोय.

संध्याकाळी ६.

गाडी मेली.

टायरवाल्याने खांदा धरून मला गाडीपाशी नेलं. पडद्यावर लाल चौकट. गाडीची बॅटरी उतरली. हे काम चालू असताना बॅटरीला पूर्ण वेळ चार्जर जोडून ठेवावा लागतो. तो जोडलेला नव्हता. पुस्तिकेत पान ४१ वर चौकटीत छापलंय. ४० आणि ४१ ही पानं एकमेकांना चिकटलेली होती. माझ्या बोटांच्या ऑइलने, पण चिकटलेली होती.

मेंदूचा डबा अर्धा जुना, अर्धा नवा राहिला. आता तो कोणाचंच ऐकत नाही. किल्ली फिरवली की डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागतात आणि काही होत नाही.

धाकटा आला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. अगदी समोर येऊन, सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, दादा, दहा मिनिटं बीप वाजत होती. टायरवाल्याला भिंतीपलीकडे ऐकू आली. तू पाच पावलांवर होतास. आणि शनिवारी मी गाडीखालून तुला एवढंच सांगत होतो, चार्जर लाव.

मी म्हटलं, लॅपटॉपचा स्पीकर गेलाय.

२५ फेब्रुवारी. सकाळी ९.३०.

शास्त्रशुद्ध तपासणी केली. लॅपटॉपमध्ये बीप वाजवून बघायची सोय आहे. आवाज शंभरावर नेला. चौदा वेळा बटण दाबलं. एकदाही वाजली नाही. स्पीकर गेलाय हे सिद्ध झालं.

टायरवाला उठून आला, लॅपटॉप मिटला आणि परत गेला. का, ते कळलं नाही.

दुपारी १.

बाईंची गाडी उचलून कंपनीच्या वर्कशॉपला नेली. मी पार्टच्या खोलीत होतो. खिडकीतून दिसलं. पुढची चाकं हवेत, मागची जमिनीवर. गॅरेजमधून गाडी अशी जाताना मी एकतीस वर्षांत बघितली नव्हती. आमच्याकडे गाड्या अशा यायच्या आणि स्वतःच्या पायांनी जायच्या.

२७ फेब्रुवारी. संध्याकाळी ७.

लिहू नये असं वाटतंय. लिहितो.

बाई आल्या. वर्कशॉपने डबा बदलला, गाडी चालू झाली. धाकट्याने माफी मागितली. बाईंनी पर्समधून कागदात गुंडाळलेली वस्तू काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवली. काही बोलल्या नाहीत. बोलल्या असतील तर कळलं नाही.

पुढचा ब्रेक पॅड होता. झिजून संपलेला. पाठीचं लोखंड उघडं पडलंय, त्यावर चकचकीत चरे. म्हणजे लोखंडावर लोखंड घासत होतं. आणखी चार दिवसांनी ब्रेक लागला नसता. बाई रोज दुपारी शाळा सुटताना फाटकासमोर गाडी आणतात. फाटकातून पोरं धावत सुटतात.

मी त्यांना मेसेज टाकला होता, निर्धास्त चालवा.

ब्रेक पॅडचं कॉम्प्युटरला कळत नाही, त्या गाडीत तशी तारच नसते. चाक काढलं असतं तर दोन मिनिटांत डोळ्यांना दिसलं असतं. बाईंनी सांगितलंही होतं. मी चाक काढलं नाही, कारण आवाज नाही असं मी म्हटलं होतं, आणि कानवाल्याने आवाज नाही म्हटल्यावर चाक काढायचं म्हणजे.

त्या पॅडला एक बारकी लोखंडी पट्टी असते. पॅड झिजत आला की ती चकतीला घासते आणि किंचाळते. मुद्दाम तशी बसवलेली असते, बहिऱ्यालासुद्धा कळावं म्हणून.

मागचं वाक्य खोडायचं होतं. पेन टेकवलं आणि उचललं.

२८ फेब्रुवारी.

धाकट्याला आपणहून सांगितलं, सोमवारपासून काउंटर. तो म्हणाला, दादा, घाई नाही. मी म्हटलं, ठरलंय ते ठरलंय. गुडघ्यांचा त्रास आहेच.

माझे पाने पुसून पेटीत ठेवले. सगळे जागच्या जागी बसले.

२ मार्च, सोमवार. दुपारी १.

काउंटर. नऊपासून बसलोय. वही नवी, पेनं दोन. फोन उजव्या कोपरापाशी. गिऱ्हाइकं चार आली. चौघांनाही म्हटलं, तक्रार तुमच्याच अक्षरात लिहा, म्हणजे चूक व्हायला नको. लिहिली बिचाऱ्यांनी. पद्धत चांगली आहे, जगभर करायला हवी.

फोन एकही आला नाही. धाकटा उगाच सांगत होता, दिवसाला तीस-चाळीस फोन असतात. मंदी आहे. हे असंच राहिलं तर मला काउंटर जड जाणार नाही.

संध्याकाळी ७.

दीड वाजता बायको डबा घेऊन आली. डबा सकाळी मी घरीच विसरलो होतो. ती काउंटरपलीकडे उभी राहिली. डबा ठेवला. स्वतःचा मोबाइल काढून नंबर लावला आणि माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, कोणाला लावतेस? तिने मोबाइलचा पडदा माझ्याकडे वळवला. आमच्या गॅरेजचं नाव होतं.

मी कोपरापाशी बघितलं. फोनवर एक लाल दिवा आहे. लागत होता, विझत होता. लागत होता, विझत होता. माझ्या हातापासून वीतभर. मी त्याच्याकडे बघत बसलो आणि दुसरं काहीही झालं नाही. बायकोच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सकाळपासून तिने नऊ वेळा फोन केला होता.

मला ऐकू येत नाही.

लिहिलं. किती दिवसांपासून ते माहीत नाही. बायको पुटपुटत नाही, धाकटा पुटपुटत नाही, इंजिनं मुकी नाहीत. स्क्रूड्रायव्हरचे ठोके हाडातून यायचे, कानातून नाही. बाईंच्या गाडीचा ब्रेक सगळ्या रस्त्याला ऐकू येत होता. मला भीती वाटते. सगळं हळूहळू बंद होत जाईल आणि मी हो हो म्हणत बसेन, याची.

घरी येताना कानाच्या दवाखान्यावरून आलो. बंद झाला होता. दारावर पाटी: तपासणीची वेळ फक्त फोनवरून मिळेल, सकाळी दहा ते बारा. दोनदा वाचली. नंबर उतरवून घेतला.

फोन बायकोला करावा लागणार. तिला सांगायला मघाशी दोनदा तोंड उघडलं, दोन्हीदा चहा मागितला. म्हणून हे पान उघडं ठेवून डायरी तिच्यापुढे सरकवतो. आधीच्या पानांना रबरबँड लावलाय.